सतरा नंबरचा फॉर्म तिनंच भरला

माझ्या धाकट्या बहिणीवर अन्याय झाला तो यंदाच्या एक मेला, सकाळी सव्वानऊ वाजता, झेंडावंदन उरकून पोरं वर्गात बसल्यावर, नववी ब च्या फळ्यासमोर. वेळ मला पक्की ठाऊक आहे, कारण मी दाराशी उभा राहून सारखा घड्याळाकडं बघत होतो. दहा वाजता गावात ग्रामसभा होती आणि तिथं करायचं भाषण माझ्या खिशात होतं.

सरांनी निकालपत्रक वडिलांच्या हातात दिलं. गणित, विज्ञान, इंग्रजी, तिन्हींखाली लाल रेघ. वर्गातल्या पोरांना आणि त्यांच्या आईबापांना नीट ऐकू जाईल अशा आवाजात सर म्हणाले, "घरात कॉम्प्युटर आहे ना तुमच्या? मग बघा. सातवीपर्यंत पहिल्या तिनात असलेली मुलगी. स्क्रीनपुढं बसून वाया गेली."

वडील म्हणाले, "व्हय सर. चुकलंच आमचं."

मागच्या बाकावरून कुणीतरी फिसकन हसलं. बहीण मान खाली घालून बसली नव्हती, रडतही नव्हती. ती सरांकडं बघत होती. त्या निकालपत्रकांवरची सगळ्या वर्गाची नावं, जन्मतारखा, हजेरी क्रमांक तिनं घरी बसून टाइप केले होते. मार्क तेवढे सरांनी पेनानं भरले होते. हे सरांना माहीत होतं, तिला माहीत होतं, मला माहीत होतं. तिघंही गप्प बसलो.

हा कॉम्प्युटर आमच्या घरात हौसेनं आला नव्हता. शाळांना टाळं लागलं त्या वर्षी ती पाचवीला होती आणि शाळेचाच निरोप आला की मोबाईलवर भागत नाही, जमेल त्यांनी कॉम्प्युटर घ्यावा. वडील कंपनीत लेथवर आहेत. त्यांनी हिंजवडीच्या एका ऑफिसानं काढून टाकलेला जुना कॉम्प्युटर ओळखीतून मिळवला आणि स्कूटरवर दोन पायांच्या मध्ये धरून मुळशीतल्या आमच्या भरे गावात आणला. पहिल्या दसऱ्याला खुरपी, कोयता, विळा आणि वडिलांचा पाना यांच्या रांगेत कीबोर्डही पाटावर बसला. आईनं हळदकुंकू जरा सढळ हातानं वाहिलं, तर पुढं आठवडाभर दोन बटणं दाबली की वरच येईनात. तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो. शाळेनं कौतुक केलं. ऑनलाइन तासाला वेळेवर हजर राहणारी मुलगी म्हणून सरांनी तिचं नाव ग्रुपवर टाकलं होतं.

ती सहावीत गेल्यावर एका रविवारी थोरले चुलते ओट्यावर येऊन बसले.

"पोरी, ह्येच्यावर सातबारा निघतो म्हणं?"

तिनं अर्धा तास खटपट करून काढून दाखवला. चुलत्यांनी चष्मा लावून स्वतःचं नाव वाचलं, पुन्हा वाचलं. "तलाठ्याच्या मागं सा महिनं हिंडलो की गं मी," ते म्हणाले. तिचा चेहरा असा फुलला होता की सांगता सोय नाही. आणि त्यात खोटं काही नव्हतं. अकरा वर्षांच्या मुलीनं खरंच एका माणसाचं सहा महिने अडलेलं काम अर्ध्या तासात केलं होतं. म्हणूनच पुढचं सगळं अवघड झालं. सुरुवातच वाईट असती तर कुणीतरी वेळीच ओरडलं असतं.

महिनाभरात भावकीत बातमी फिरली. उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्डाची केवायसी, पीकविमा, बायकांच्या योजनेचा अर्ज, गॅसची सबसिडी. आमच्या मागच्या खोल्यांत बिहारकडची भाडेकरू पोरं राहतात, तीही यायची. "बेटी, पीएफ का पासवर्ड भूल गया, जरा देख दो." फाट्यावर सेवा केंद्र आहे. पण तिथं रांग असते, तिथला माणूस वसकन अंगावर येतो, आणि चुकलं तर पुन्हा या म्हणतो. आमच्याकडं चहा मिळायचा.

आणि आमच्याकडं एक रीत आहे, तिला कुणी रीत म्हणतसुद्धा नाही. भावकीतल्या पोरीला काम सांगणं हे काम सांगणं समजलं जात नाही. पाणी आण, चहा टाक, फॉर्म भर. तिन्ही एकाच सुरात. पोराला कुणी सांगत नाही, पोराचा अभ्यास असतो.

वडिलांना तर हे आवडत होतं. जन्मभर त्यांनी कुणाच्या ना कुणाच्या टेबलापुढं टोपी काढून उभं राहण्यात दिवस घालवले होते. आता टेबल त्यांच्या घरात होतं. "आमच्या बायला समदं येतंया," असं म्हणून ते खुर्ची ओढून द्यायचे. आलेल्या माणसाला त्यांनी एकदाही परत पाठवलं नाही.

सरकारी साइट सकाळी हलकी चालते, म्हणून माणसं सातलाच दारात हजर. बहिणीची एसटी दहाची. सकाळचे ते तीन तास म्हणजे तिच्या अभ्यासाचा सगळा वेळ, कारण संध्याकाळी घरात स्वयंपाक, टीव्ही आणि शिफ्ट संपवून वडिलांबरोबर आलेली कंपनीतली माणसं. मी कित्येकदा पाहिलेलं दृश्य सांगतो. ती दप्तर पाठीवर अडकवून खुर्चीच्या टोकावर बसली आहे, आणि शेजारच्या काकू हातात मोबाईल धरून उभ्या आहेत.

"काकू, माजी एसटी यील आता."

"आगं एक ओटीपी तर यायचाय, त्येला काय येळ लागतुया?"

"सर्व्हर बंद पडलाय काकू. मी संध्याकाळी करते की."

"संध्याकाळी शेरडं कोन आननार, तू? बस गं दोन मिन्टं. लई शानी झाली शाळंत जाऊन."

एसटी जायची. मग ओटीपी यायचा.

ती कॉम्प्युटरवर खेळत नव्हती असं मी म्हणणार नाही. खेळायची. चित्रं काढायची, मैत्रिणींच्या वाढदिवसाचे रंगीबेरंगी बॅनर करायची, त्यात स्वतःचा फोटो कोपऱ्यात घालायची. तिला ते मन लावून करताना पाहिलं की आई ओरडायची, "बंद कर त्ये, डोळं जातील." फॉर्म भरताना डोळे जायची भीती कुणाला वाटली नाही.

आठवीत सरांनी तिला हाताशी धरलं. इथं मी सरांची बाजूही मांडतो, कारण ती खरी आहे. शाळेतल्या प्रत्येक मुलाची माहिती आधारपासून बँक खात्यापर्यंत ऑनलाइन भरायची, ती आजच्या आज भरायची, आणि शिकवायचंही. शिक्षकांना कारकून करून टाकलंय, असं आमच्या संघटनेनंच एका पत्रकात लिहिलं होतं. सरांनी काय केलं, तर आपलं कारकुनी काम खाली सरकवलं. वर्गातल्या सगळ्यात शांत मुलीकडं.

"बाळा, तुझा हात बसलाय. एवढी यादी करून दे. वरच्या ऑफिसचा सारखा फोन येतोय." सुरुवातीला एक तुकडी, मग दोन, मग पाचवी ते दहावी. काम फार असलं की ते सांगायचे, "उद्या घरीच थांब. तुझी हजेरी मी लावतो."

हे वाक्य पुन्हा वाचा. शाळेतल्या शिक्षकानं मुलीला शाळेत येऊ नको असं सांगितलं आणि वहीत ती आली असं लिहिलं. नववीत असे किती दिवस गेले ते तिनं मोजले नाहीत. वर्गात दोन चलांतली रेषीय समीकरणं शिकवून झाली तेव्हा ती घरी सहावी अ चे आधार क्रमांक भरत होती, एवढं तिला आठवतं, कारण नंतर ते प्रकरण तिनं एकटीनं वाचायचा प्रयत्न केला आणि तिला त्यातलं एक अक्षर कळलं नाही.

अशाच एका बुधवारी साडेअकरा वाजता वरच्या वस्तीवरची एक आजी आली. मेंढरं राखणारं घर, नातीचा जातीचा दाखला काढायचा होता. डोंगर उतरून तासभर चालत आली होती. मी आतल्या खोलीत जेवत होतो. आजीनं कमरेच्या पिशवीतून घडी केलेले कागद काढले आणि मधेच थांबली.

"तुजी शाळा न्हाई व्हय गं आज?"

"हाय की. पण सरांचं काम हाय."

"सरांचं काम तू करतीस? मग तुजं कोन करतंय?"

बहीण हसली. मीही आतून हसलो, म्हातारी काय फटकळ आहे म्हणून. आजीनं कागदांची पुन्हा घडी घातली. "आयतवारी यीन. दाखला कुटं पळून चाललाय?" असं म्हणून ती उन्हात परत डोंगर चढली. इतक्या वर्षांत, इतक्या माणसांत, तिच्या शाळेची चौकशी करणारं ते एकच माणूस. मी त्या घरात चळवळीचा कार्यकर्ता म्हणून मिरवत होतो आणि ताटातली भाकरी संपवत होतो.

आता माझं सांगतो. आमची संघटना डोंगरफोडीच्या विरोधात, क्रशरच्या धुळीच्या विरोधात, स्थानिक पोरांना कायम नोकरी मिळावी म्हणून पत्रकं काढते. माझं अक्षर वाचता येत नाही. पत्रक लिहून झालं की मी ते तिच्यापुढं ठेवायचो. एकच पान तर असतं, असं म्हणायचो. ती टाइप करायची, माझ्या चुका दुरुस्त करायची, वर मथळा मोठा करून द्यायची.

वार्षिक परीक्षेच्या वेळी विज्ञानाच्या पेपरच्या आदल्या दिवशी दुपारी मी असंच एक पान घेऊन गेलो. ती मांडीवर पुस्तक घेऊन बसली होती.

"दादा, परवा करू का? उद्या विज्ञान हाय."

"आगं मोर्चाच उद्या हाय. परवा काय करू त्येचं, वड्याला गुंडाळू?"

तिनं पुस्तक पालथं घातलं आणि टाइप करायला बसली. एका पानाची मग दोन झाली, कारण मला मधेच नवे मुद्दे सुचले. त्या पत्रकातली पहिली मागणी काय होती ते सांगायला मला आज लाज वाटते. मुळशीच्या पोरापोरींना शिकू द्या, अशी होती.

निकालानंतर आठवड्यानं मुख्याध्यापकांनी बोलावलं. वडील, मी आणि ती. वर्गशिक्षकही बसले होते. मुख्याध्यापक गोड बोलतात. "नववीत पुन्हा बसवता येईल. नाही असं नाही. पण पुढं दहावीला काय करणार? आमच्या शाळेचा निकाल शंभर टक्के लागतो, फाटकावर बोर्ड बघितला असेल. त्यापेक्षा दाखला घ्या, सतरा नंबरचा फॉर्म भरा, बाहेरून दहावीला बसवा. वर्ष पण वाचेल तिचं."

वर्ष वाचेल म्हटल्यावर वडिलांची मान हलली. मी म्हणालो, ती कच्ची नाही, तिला वर्गात बसूच दिलं नाही. सरांनी तिला कामासाठी घरी ठेवलं. मुख्याध्यापकांनी शांतपणे हजेरीची वही मागवली आणि माझ्यापुढं सरकवली. वर्षभर एक दिवस गैरहजर नाही.

"रोज शाळेत येऊन नापास झालीय. मग घरी काय चालतं, ते तुम्हीच बघा," मुख्याध्यापक म्हणाले.

"ती हजेरी खोटी आहे."

सर लाल झाले. "असा आरोप करू नका. तिलाच विचारा. सांग गं, तू घरी राहायचीस का?"

तिनं सरांकडं पाहिलं.

"न्हाई सर," ती म्हणाली.

संपलं. वडिलांनी दाखल्याच्या अर्जावर सही केली. मुख्याध्यापकांनी कागद घेताना आपुलकीनं सांगितलं, "फॉर्म ऑनलाइन असतो. तुम्हाला काही अडचण नाही म्हणा, घरात कॉम्प्युटर आहे. मुलीला सगळं येतं." ज्या कॉम्प्युटरनं मुलगी वाया गेली म्हणून तिला शाळेतून काढलं, त्याच कॉम्प्युटरवर तिनं स्वतःला काढल्याचं काम पुरं करावं, असं ते सांगत होते. त्यांना त्यात काही विचित्र वाटलं नाही. खोलीतल्या कुणालाच वाटलं नाही.

बाहेर आल्यावर मी तिच्यावर खेकसलो. खोटं का बोललीस?

"सरांची नोकरी गेली आसती दादा. त्येंची पोरगी लहान हाय."

पावसाळ्यात फॉर्म सुटला तेव्हा तिनं तो भरला. दाखला स्कॅन केला, फोटो जोडला, सगळं पाव तासात. दुसऱ्यांचे फॉर्म भरताना ती बोलत असते, जन्मतारीख काय, अंगठा नीट ठेवा. तेव्हा बोलली नाही. वडील मागं उभे होते. "झाला?" "झाला." एवढंच.

मला काय सुचलं, तर मी पत्रक लिहिलं. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात जहाल पत्रक. त्यात सर होते, मुख्याध्यापक होते, शंभर टक्क्यांचा बोर्ड होता, ओटीपीवाल्या काकू होत्या, चुलते होते, वडीलही होते. आणि सवयीनं, खरंच निव्वळ सवयीनं, मी ते कागद नेऊन तिच्यापुढं ठेवले. म्हणालो, एवढं जरा टाइप कर.

तिनं शेवटपर्यंत वाचलं.

"ह्यात तू कुटं हायेस?"

"म्हंजे? मीच तर लिवलंय."

"त्ये न्हाई. ह्या यादीत."

तिनं कागद माझ्या हातात परत दिले आणि परसात जाऊन भांडी घासायला बसली. मी ते पत्रक फाडलं. हे जे तुम्ही वाचताय ते मी मोबाईलवर एका बोटानं टाइप केलंय. चुका असतील. कुणाकडून दुरुस्त करून घेतलेलं नाही.

वडिलांनी कॉम्प्युटर खताच्या रिकाम्या गोणीत घालून माळ्यावर टाकला आणि रोग गेला असं समजून हात धुतले. शिकलेली माणसं वाद घालतात की घरात कॉम्प्युटर आला की पोरांचे मार्क वाढतात की घसरतात. आमच्या घरी येऊन बघा म्हणावं. कॉम्प्युटर माळ्यावर आहे आणि ओटा तसाच भरलेला आहे. आता माणसं मोबाईल घेऊन येतात. "आता तर ही घरीच आसती, न्हाई का? निवांत भर." पूर्वी निदान दहाची एसटी होती, तेवढ्यापुरतं तरी त्यांना उठवता यायचं. आता तेही निमित्त गेलं. नवे प्रवेश झाल्यावर सरांचाही फोन आला. "बाळा, पाचवीची माहिती राहिलीय. तू आता मोकळीच आहेस ना?" फोन मी घेतला होता. मी काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण मी घरी नसताना आलेले फोन ती घेते, आणि तिला नाही म्हणता येत नाही. आम्ही कुणी तिला ते कधी शिकवलंच नाही.

मार्चमध्ये तिची परीक्षा आहे. समीकरणांच्या प्रकरणाशी ती अजून एकटीच झगडते आहे. मी शिकवायला बसतो, पण मलाही ते येत नाही. शिकवणी लावावी तर गावात ती सकाळी सात ते दहाच असते, आणि सात ते दहा ओट्यावर माणसं असतात. दहावी निघाली तर तिला पुढं वाट आहे. नाही निघाली तर ती जन्मभर याच गावाचे फॉर्म भरत बसेल, आणि गाव म्हणेल, किती गुणाची पोरगी.

म्हणून तुम्हाला सांगतो. विनंती करत नाही, सांगतो. तुमच्या गावात, वाडीत, सोसायटीत अशी एक मुलगी आहे आणि तिचं घर तुम्हाला माहीत आहे, कारण तुम्ही तिथं चहा प्यायला आहात. आज तिच्या घरी जा आणि तिच्या टेबलावर ठेवलेला तुमचा कागद उचलून आणा. फॉर्म स्वतः भरायला शिका, जमत नसेल तर केंद्राच्या रांगेत उभे राहा. शिक्षक असाल तर तुमची यादी तुम्ही भरा, आणि वरून दट्ट्या आला तर वरच्यांशी भांडा, आम्ही तुमच्या बरोबर येतो. आणि पुढच्या पालकसभेत, त्या मुलीचे मार्क का घसरले असं विचारलं जाईल तेव्हा, तिला उभं करू नका. तुम्ही उभे राहा आणि सगळ्यांसमोर सांगा, तिचा वेळ मी घेतला.